सरावात नफा, पण खऱ्या बाजारात?

प्रश्न : ट्रेडिंगचा ऑनलाइन डिप्लोमा करते आहे. सरावाच्या खात्यात माझी पद्धत नफा दाखवते. खरे पैसे लावण्याआधी काय तपासू?

उत्तर : आधी खर्च. सरावाच्या खात्यात बरेचदा शेवटच्या भावाने सौदा झाला असे धरतात. प्रत्यक्षात मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाने लगेच सौदा) टाकली की खरेदी विक्रेत्याच्या भावाने होते, विक्री खरेदीदाराच्या. हे भाव १००.१० आणि ९९.९० असतील, तर दर शेअरमागे ०.२० गेलेच, दलाली, कर वेगळे. प्रत्येक सौद्यातून हे वजा करून नफा पुन्हा मोजा. रोज अनेक सौदे करणाऱ्या पद्धती इथेच गळतात.

मग शेअरची संख्या. भांडवल १,००,०००, एका सौद्यातली जोखीम १ टक्का म्हणजे १,०००. खरेदी २५० ला, स्टॉपलॉस (तोटा थांबवण्यासाठी विकायचा भाव) २४० ला, म्हणजे दर शेअरमागे १० ची जोखीम, तर १०० शेअर. त्याहून एकही जास्त नको. आणि बाजार थेट २३० ला उघडला तर तोटा २,००० होतो, स्टॉपलॉस असूनही.