लघवीची गोळी आणि दहाचं कुलूप

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'आपण एवढी धावपळ करतो आणि फुटपाथवरचे पेशंट फॉलोअपलाच येत नाहीत.' रुग्णालयातल्या समाजसेविकेच्या नोकरीत पहिल्या वर्षी माझीही हीच तक्रार होती. ती एका बाईंनी बंद केली.

पुलाखाली राहायच्या. हृदयाचं दुखणं, पाय इतके सुजायचे की चप्पल चढत नसे. डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ एकेक. महिन्यानं आल्या तर सूज तेवढीच आणि गोळ्या पदराच्या गाठीत जशाच्या तशा. मी केसपेपरवर ठसठशीत लिहिलं, 'उपचारास टाळाटाळ'. त्या अक्षराची आजही लाज वाटते. बाई म्हणाल्या, "ताई, गोळी घेतली की घडीघडी लागते. शौचालयवाला दर खेपेला पैसे घेतो आणि रात्री दहाला कुलूप लावतो. बाईमाणसानं जायचं कुठं?"

डॉक्टरांना सांगून संध्याकाळची गोळी दुपारवर आणली, शौचालयवाल्याशी महिन्याचं ठरवून टाकलं. पंधरा दिवसांत चप्पल चढली. औषध तेच होतं.

तेव्हा 'गोळी का नाही घेतली?' हे शेवटी विचार. आधी विचार, काल रात्री कुठं झोपलात, पिशवी कुठं ठेवता, संडास किती लांब. पालिकेची गाडी आली की पहिली पिशवी जाते, तिच्यात गोळ्या, आधार कार्ड, केसपेपर सगळंच. केसपेपरचा नंबर तुझ्या वहीत असू दे.

नाक्यावरच्या मजुराला सकाळची ओपीडी म्हणजे खाडा. उपाशीपोटी रक्त, जेवून दोन तासांनी पुन्हा रक्त, रिपोर्ट उद्या. दोन दिवसांची मजुरी गेली. २०२२ पासून मुंबईत वस्तीजवळ पालिकेचा 'आपला दवाखाना' आहे, त्याची वेळच रात्री दहापर्यंतची ठेवलेली आहे. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी पेशंटला परळ-सायनच्या मोठ्या रुग्णालयांच्या गर्दीत कशाला पाठवतेस? फक्त आधी स्वतः एका संध्याकाळी तिथं जाऊन बस. पाटीवर काय लिहिलंय ते सोड, डॉक्टर खरंच किती वाजेपर्यंत असतात ते बघ.

ऑपरेशनचा खर्च मोठा असेल तर धर्मादाय रुग्णालयं विसरू नकोस. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ एए पाठच कर. दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये. अडतं ते दाखल्यापाशी. तहसीलदाराचा दाखला हवा तर पत्ता हवा, रेशन कार्ड हवं तरी पत्ता हवा. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्याकडे काही नसल्याचा कागदही नसतो. पण पेशंट अत्यवस्थ असेल तर त्याला आधी दाखल करून घ्यायचं, हे या रुग्णालयांसाठीच्या उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेतच लिहिलंय. तिची प्रत पर्समध्ये ठेव. काउंटरवर आवाज चढवू नकोस, नुसती ती पानं पुढं सरकव. (मी आवाज चढवायचे. काम व्हायचं, पण काउंटरवाले माझ्या पुढच्या पेशंटला दुप्पट वेळ बसवून ठेवायचे.)

आणि डिस्चार्ज. पाय प्लास्टरमध्ये, राहायला बसस्टॉप, आणि कार्डावर 'घरी विश्रांती'. दर लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात होती, म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. आपण त्याच्या आसपासही नाही. जे आहेत, तेही वाहती जखम दिसली की कां-कूं करतात. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी फोन फिरवत बसू नकोस. सकाळच्या राउंडला उभी राहा, 'याला कधी सोडणार?' हे दोन दिवस आधीच काढून घे आणि निवाऱ्यात खालची खाट बोलून ठेव. दोन दिवस मिळाले नाहीत, तर डॉक्टरांकडे आणखी एक रात्र माग. बहुतेक देतात, त्यांना कुणी विचारतच नाही.

तुझा तो टीबीचा मुलगा पुन्हा दिसला का? स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला विचार. अशी पोरं उधारी कुठं ठेवतात, तिथंच सापडतात.

तुझी,
ताई