भारतात पास झालेला चहा युरोपात का अडतो? कीटकनाशकांची मर्यादा जगभर एकच का नाही?

प्रश्न विचारणारे वाशीत चहापत्तीचा घाऊक व्यवसाय करतात, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

एक समान मापदंड आहे, पण तो सक्तीचा नाही. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आणि डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) यांनी १९६३ मध्ये उभा केलेला कोडेक्स आयोग चहात कीटकनाशकाचा अंश किती चालेल याचीही मर्यादा ठरवतो. देश त्या स्वीकारतात किंवा पुरावा देऊन जास्त कडक ठेवतात.

खरी मेख वेगळीच आहे. ज्या फवारणीच्या औषधासाठी, म्हणजे कीटकनाशकासाठी, युरोपीय संघाने मर्यादा ठरवलेली नसते, तिथे आपोआप किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही अगदी कडक मर्यादा लागू होते. युरोपात चहाची शेती जवळपास नाहीच. मग चहावरच्या औषधासाठी तिथे अर्ज कोण करणार? म्हणजे ‘नापास’चा अर्थ दर वेळी ‘विषारी’ असा होत नाही, आणि हे आपल्याकडच्या बातम्यांत क्वचितच सांगतात.

दुसरं म्हणजे तपासणी होते कोरड्या पत्तीची, आपण पितो उकळलेलं पाणी. इमिडाक्लोप्रिडसारखी पाण्यात विरघळणारी औषधं कपात बरीच उतरतात, बायफेंथ्रिनसारखी फारशी नाही. मर्यादा ठरवताना कपात किती उतरतं हे धरावं, यासाठी एफएओच्या चहाविषयक आंतरसरकारी गटात उत्पादक आणि खरेदीदार देश एकत्र काम करतात. मला हाच मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो.

तुम्ही इथेच विकत असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मर्यादा पाहा. निर्यात करायची असेल तर माल उचलण्याआधीच खरेदीदार देशाच्या यादीनुसार एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं भारतीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागा.