राजीनामा फाडून टाक

चि. … हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. वाचनालयाच्या हिशेबात तेवीस हजारांचा मेळ लागत नाही, कार्यकारिणीत तुझ्याकडे बोटं वळली आहेत, चौकशी लागणार आहे आणि त्याआधीच तू राजीनामा देऊन पुण्याला निघायचं म्हणतेस. तू पैशाला हात लावलेला नाहीस हे मला माहीत आहे, त्यावर शाई घालवत नाही. जागा सोडू नकोस, एवढंच सांगायला बसलोय.

एम.ए.ला रॉबर्ट हार्ली शिकवला होता, आठवतो? ऑक्सफर्डचा अर्ल, ब्रिटनच्या ॲन राणीचा लॉर्ड ट्रेझरर, म्हणजे खजिना सांभाळणारा मुख्य मंत्री. फ्रान्सशी लढाई थांबवणारा १७१३ चा युट्रेक्टचा तह त्याच्या कारकिर्दीत झाला. जुलै १७१४ मध्ये राणीनं त्याला काढलं आणि पाच दिवसांत ती वारली. नवा राजा जॉर्ज हॅनोव्हरहून आला, विरोधी व्हिग पक्षाच्या हाती सत्ता गेली आणि फ्रान्सशी आतून संधान बांधल्याचा ठपका जुन्या मंत्र्यांवर आला. गुन्हा राजद्रोहाचा, म्हणजे शिर जाण्याची भीती.

त्याचा सहकारी बोलिंगब्रोक मार्च १७१५ मध्ये एका रात्री ड्रुरी लेनच्या नाट्यगृहात सगळ्यांना दिसेल असा बसला, दुसऱ्या दिवशीचा खेळही ठरवून आला आणि वेश पालटून फ्रान्सला पळाला. तिथे जाऊन तो गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट राजपुत्राचा मंत्री झाला. म्हणजे जो आरोप तोवर शाबीत व्हायचा होता, तो त्यानं स्वतःच शाबीत करून दिला. पुढे १७२३ मध्ये माफी मिळाली, पण लॉर्ड्सच्या सभागृहातली जागा मरेपर्यंत मिळाली नाही.

हार्ली जागेवरून हलला नाही. जुलै १७१५ मध्ये त्याला लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे तुरुंगात टाकलं. वय त्रेपन्न, प्रकृती ढासळलेली. दोन वर्षं तो आत होता आणि शेवटी त्यानंच अर्ज केला की माझा खटला चालवा. अगं, हे वाक्य पुन्हा वाच. आरोपीच खटला मागत होता! खटला उभा राहिला तेव्हा आधी कोणता आरोप घ्यायचा यावरून लॉर्ड्स आणि कॉमन्स या संसदेच्या दोन्ही सभागृहांचं जुंपलं, आणि १ जुलै १७१७ ला आरोप करणारे कॉमन्सवाले आलेच नाहीत. हार्ली सुटला.

तू म्हणशील, सर, तो नशिबानं सुटला. असेल. पण नशिबाला यायचं झालं तर माणूस जागेवर तरी सापडायला हवा ना? तो काही संत नव्हता. कामं रेंगाळत ठेवायचा, प्यायचा, त्याच्या बोलण्याचा नेमका अर्थ लागत नाही अशी खुद्द राणीची तक्रार होती. साउथ सी कंपनी त्यानंच उभारली आणि १७२० मध्ये तिचे शेअर कोसळले तेव्हा हजारो घरं बुडाली. असा माणूससुद्धा जागा सोडून गेला नाही, आणि तुझ्या हिशेबात तर पावत्या आहेत. मग भितेस कशाला?

आता माझं ऐक. हे तुला कधी बोललो नव्हतो. १९८९ साली एका संस्थेत प्रयोगशाळेच्या खरेदीवरून माझ्यावर बालंट आलं. मी राजीनामा दिला. अहवालात शेवटी एकच ओळ आली, 'संबंधितांनी राजीनामा दिल्याने पुढील कार्यवाही आवश्यक नाही.' माझं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही, कारण सांगायला मी तिथे नव्हतोच. बावीस हजारांची व्हाउचरं अजून माझ्या ट्रंकेत आहेत. तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती, धाकटी सहा महिन्यांची होती, वकिलाला द्यायला पैसे नव्हते. ही कारणं खरी होती, आजही खरी आहेत. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानंही तेच केलं असतं, असं मी पस्तीस वर्षं स्वतःला सांगतोय. तरी ती ओळ पाठ आहे.

म्हणून चिडतोय. तुला रागावलो असं वाटलं तर वाटू दे, पण जागा सोडू नकोस.

रविवारी सकाळच्या एसटीनं ये. कीर्द, खतावणी, बँकेचं पासबुक आणि वर्गणीच्या पावत्यांच्या स्थळप्रती आण. दिवाळी अंकांची वर्गणी मार्चमध्ये जमा झाली आणि पावत्या एप्रिलमध्ये फाडल्या, असं तू मागे बोलली होतीस. मला वाटतं गाठ तिथेच आहे, पहिल्यांदा तेच तपासू. चौकशीची तारीख लवकर द्या असा अर्ज मी लिहून ठेवलाय, सही तुझी लागेल. काकूंनी थालीपीठं करायचं ठरवलंय, तेव्हा उपाशी निघ.

तुझा,
सर