बोटांचे ठसे, क्लासचा रिपोर्ट आणि प्रश्न विचारणारी मुलगी

प्रश्न : आम्ही विक्रोळीला राहतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीनंतर तिच्या क्लासमध्ये बोटांच्या ठशांवरून कल सांगणारी चाचणी झाली, काही हजार रुपये भरले. रिपोर्टमध्ये 'संशोधनाकडे कल कमी, व्यवस्थापन किंवा हॉटेल क्षेत्र योग्य' असं आलं. स्वभावाचं वर्णन मात्र अगदी तंतोतंत जुळलं. मुलगी म्हणते, हे थोतांड आहे, हे लोक पैशासाठी काहीही सांगतात आणि विश्वास ठेवणारे अडाणी असतात. रिपोर्ट समजावणाऱ्या मॅडमना तिने इतके प्रश्न विचारले की त्या चिडल्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला इंजिनीअरिंग नको, 'विज्ञान कसं चालतं ते शिकायचंय' म्हणते. तिचे बाबा म्हणतात, त्यांच्या मित्राचा पुतण्या एमएस्सी करून कॉल सेंटरला लागला, नुसत्या सायन्समध्ये पोट भरत नाही. रिपोर्टवर विश्वास ठेवू का? आणि सतत वाद घालणाऱ्या या मुलीचं पुढे काय करायचं? – एक आई

ताई, नमस्कार.

रिपोर्टचं आधी उरकून टाकू. त्यावर विश्वास ठेवू नका. माळ्यावर टाका नाहीतर रद्दीत द्या, पण त्यातल्या एकाही ओळीवरून मुलीच्या शिक्षणाचा निर्णय घेऊ नका. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटी या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही जाहीरपणे सांगितलेलं आहे. आता सोसायटी म्हणते किंवा मी म्हणते म्हणून तुम्ही ते मानलंत, तर तुमच्या मुलीला पटणार नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. म्हणून कारणं देते.

चाचणी विकणारे साधारण असं सांगतात : गर्भात बाळाच्या बोटांवरच्या रेषा आणि मेंदू एकाच काळात घडतात, म्हणून रेषा पाहिल्या की मेंदू कळतो. यातला पहिला भाग खोटा नाही. रेषा गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्यापासून उमटायला लागतात आणि सहाव्याच्या सुमारास पक्क्या होतात, मेंदूही तेव्हा घडतच असतो. पण त्याच दिवसांत बाळाच्या हिरड्यांत दातांचे अंकुरही धरत असतात. म्हणून दाढा मोजून 'हा सीए होणार' असं कोणी सांगितल्याचं ऐकिवात नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं.

ठशांचा खरा अभ्यास आहेच, आणि त्यात आपल्या माणसांचा मोठा वाटा आहे. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं, तिथे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवली. डाउन सिंड्रोमसारख्या स्थितीत तळहातावरच्या रेषा बऱ्याचदा वेगळ्या दिसतात, हे डॉक्टरांनाही माहीत आहे. ठशांवरून माणूस ओळखता येतो. त्याला हॉटेल सांभाळता येईल की प्रयोगशाळा, हे त्यांवरून कळतं याला पुरावा नाही. खऱ्या शास्त्राचं नाव पुढे करायचं आणि त्याच्या आडून भलताच दावा खपवायचा, अशी ही रीत आहे.

आता वर्णन तंतोतंत जुळल्याचं. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं वर्णन' म्हणून एक कागद दिला. किती जुळतंय ते ० ते ५ मध्ये सांगा, म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग त्याने उघड केलं की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि तोही बहुतेक एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. 'तुम्ही वरून शांत दिसता, पण आतून बेचैन असता.' विक्रोळी ते सीएसएमटी लोकलच्या डब्यात ज्याला सांगाल तो मान हलवेल. तुमच्या रिपोर्टमधलं स्वभावाचं पान घेऊन बसा आणि प्रत्येक वाक्य शेजारच्या मुलीला लागू होतं का ते बघा.

पण एवढ्याने रिपोर्ट खोटा ठरला का? नाही ठरला. एवढंच कळलं की 'जुळलं' हा पुरावा नव्हे. पुरावा कसा काढायचा याचा आपल्या महाराष्ट्रातला एक नमुना सांगते, मुलीला जरूर दाखवा. २००८ च्या सुमारास पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन ज्योतिषाची चाचणी केली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, नावं काढून त्या मिसळल्या, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या पाठवल्या. यातली हुशार मुलं कोणती, एवढंच सांगायचं होतं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवून सांगितलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. निकालाइतकीच मला त्या प्रयोगाची मांडणी आवडते. ज्योतिषांना त्यात कोणी हिणवलं नाही. त्यांना त्यांच्याच शास्त्राने उत्तर द्यायची पूर्ण मुभा होती, आणि किती बरोबर आली तर यश म्हणायचं हे आधीच ठरलेलं होतं.

हाच प्रयोग तुमची मुलगी घरबसल्या करू शकते. तिच्या क्लासमधल्या सहा-सात जणींनी तीच चाचणी दिली असेल. त्यांच्या रिपोर्टमधली स्वभावाची पानं मागायची, नावं झाकून झेरॉक्स काढायच्या, मिसळायच्या, आणि प्रत्येकीला त्यातून स्वतःचं पान ओळखायला सांगायचं. सातांच्या अशा गठ्ठ्यात नुसत्या अंदाजानेही सरासरी एकजण बरोबर निघते. मात्र एक अट : कितीजणींनी बरोबर ओळखलं तर मी माझं मत बदलीन, तो आकडा तिने आधी वहीत लिहून तुमच्याकडे द्यायचा.

ही अट मी मुद्दाम घातली आहे. ताई, तुमच्या मुलीचा निष्कर्ष बरोबर आहे, पण तुमच्या पत्रावरून तिची कारणं कच्ची वाटतात. 'हे लोक पैशासाठी सांगतात' म्हणून दावा खोटा ठरत नाही. डॉक्टरही फी घेतात. समुपदेशक म्हणून मीही घेते, आणि आमच्या कल-चाचण्याही डोळे मिटून मानू नका : ही कोणत्या वयाच्या, कोणत्या माध्यमाच्या मुलांवर पडताळली, पुन्हा दिली तर निकाल तोच येतो का, हे आमच्याकडूनही मागून घ्या. आणि 'विश्वास ठेवणारे अडाणी' हा तर युक्तिवादच नाही, ते माणसाला हाणणं झालं. दुसऱ्याच्या म्हणण्यातला दोष दाखवायला सोळाव्या वर्षी फार मजा येते. ज्या पोरीला स्वतःच्या लाडक्या मतावर तोच प्रयोग लावता येतो, ती संशोधनात टिकते. नुसतं वाद जिंकण्याचं वेड असेल, तर ते वकिली पेशातही फार दिवस चालत नाही.

तिला 'विज्ञान कसं चालतं' ते शिकायचंय ना, मग एकदा परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचा इतिहास काढून वाचायला सांगा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या लहानशा जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. धाडस मोठंच. पण त्यातून सिद्ध काय झालं? लस टोचल्यावर माणूस जगतो, एवढंच. ती प्लेग रोखते, हे नाही. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली आणि बाकीच्यांशी तुलना केली. जागा तीच, जेवण तेच, उंदीर तेच. न टोचलेल्यांत आजारी पडणारे आणि दगावणारे जास्त निघाले. 'मी घेतली, मला काही झालं नाही' आणि 'घेतलेले इतके, न घेतलेले इतके' यांतलं अंतर पोरीला समजलं, की तिला हवं ते निम्मं समजलं. उरलेलं निम्मं असं, की आजचा संशोधक यावरही बोट ठेवेल : जे स्वतःहून पुढे आले ते मुळातच धडधाकट असतील तर? म्हणून आता कोणाला औषध द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात.

याच हाफकिनवर पुढे बालंट आलं. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. लस टोचली आणि माणसं मेली, म्हणून लसच वाईट, असं म्हणून त्यांना कामावरून दूर केलं गेलं. प्रत्यक्षात ते सगळे एकाच बाटलीतली लस मिळालेले होते. त्याच दिवशी इतर बाटल्यांतली लस टोचलेल्यांना धनुर्वात झाला नाही. त्यांच्यावरचा ठपका पुसला जायला १९०७ उजाडलं. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये. या क्षेत्रात असंही होतं, हे तिला आताच माहीत असलेलं बरं.

आता तिच्या बाबांकडे वळते. मित्राच्या पुतण्यावरून सगळ्या एमएस्सीवाल्यांचा हिशेब मांडणं चूक आहे. दादर किंवा कुर्ला स्टेशनबाहेरच्या होर्डिंगवरचे हसरे रँकवाले चेहरे बघून सगळ्या इंजिनीअरिंगवाल्यांचा हिशेब मांडणंही तेवढंच चूक. होर्डिंगवर निवड झालेले बारा दिसतात, फी भरलेले किती होते ते दिसत नाही. (क्लासच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला नोव्हेंबर २०२४ मध्ये नियमावली काढावी लागली, ती उगाच नाही.) पण म्हणून बाबांची काळजी खोटी ठरत नाही. हा रस्ता लांबचा आहे. बारावीनंतर पाच वर्षं, मग पीएचडीची पाच-सहा. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून फेलोशिप (संशोधन करताना मिळणारं मानधन) मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडं भत्ता. तिशीपर्यंत कायम नोकरीची खात्री धरू नये. घराचा हप्ता, धाकट्याचं शिक्षण, कोणाचं आजारपण, हे आकडे तिच्यासमोर मांडा. तिला पुरावा हवा असतो ना, मग घरातला हाही पुरावा आहे.

ते बघूनही तिला जायचंच असेल, तर दारं दोन-तीन आहेत. आयसर म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, त्यांच्यासाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा असते, पुण्याचं आयसर २००६ पासून आहे, पाच वर्षांची बीएस-एमएस पदवी मिळते. नेस्ट या दुसऱ्या प्रवेश परीक्षेतून भुवनेश्वरची नायसर ही विज्ञान संस्था आणि आपल्या कालिन्याच्या विद्यापीठ आवारातलं मूलभूत विज्ञान केंद्र अशी दोन ठिकाणं मिळतात. दुसरं तुमच्या घरापासून कुर्ल्यामार्गे जाण्याजोगं आहे. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ऑलिंपियाड या विज्ञान-गणिताच्या स्पर्धांचं काम बघतं. त्याच्या पहिल्या टप्प्याच्या परीक्षेला यंदा बसू द्या. निवड होवो न होवो, पाठांतराला न जुमानणारे प्रश्न म्हणजे काय ते तिला दिसेल, आणि आवडतात की नाही तेही.

आणि प्रश्न विचारण्याची खोड फक्त प्रयोगशाळेतच लागते असंही नाही. संख्याशास्त्रात लागते, औषधांच्या चाचण्यांत लागते, कायद्यात लागते. ठशांचंच खरं काम बघायचं तर मुंबईत न्यायसहायक विज्ञानाची (फॉरेन्सिक सायन्सची) सरकारी संस्था आहे. तिथला बीएस्सी अभ्यासक्रम एकदा बघून या. शिवाय आर्ट्सच्या मुलांना अकरावी-बारावीत तर्कशास्त्र हा विषय असतो. बालभारतीची ती पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. सायन्सच्या मुलांना तो विषय का नाही, याचं मला आजवर समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. सुट्टीत वाचायला द्या.

मॅडमबद्दल. प्रश्न विचारले म्हणून मुलीला रागावू नका. पैसे घेणाऱ्याला प्रश्न विचारायचा तुम्हा दोघींना हक्क आहे. कसे विचारले, ते मात्र तिच्याशी बोला. 'हे कोणत्या अभ्यासात पडताळलंय, तो मला वाचायला मिळेल का?' असं विचारलं तर समोरच्याला चिडायला जागा राहत नाही, आणि तरीही तो चिडला तर तुम्हाला काय ते कळतं.

एक गोष्ट पत्रात राहिली आहे : तिने जीवशास्त्र ठेवलंय की सोडलंय? आयएटीमध्ये सध्याच्या पद्धतीत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. इंजिनीअरिंगच्या हिशेबाने जीवशास्त्र सोडलं असेल, तर विषय बदलता येतो का याची चौकशी याच आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसात करा, आणि येत नसेल तर तेवढा भाग तिला घरी करावा लागेल.