माझ्या हातून हा बिघडेल का?

‘माझ्या हातून हा बिघडतोय’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. पहिलटकरीण आई बाळाबद्दल म्हणते, नवा शिक्षक वर्गातल्या हुशार पोराबद्दल म्हणतो. खेळाडूंबरोबर समुपदेशक म्हणून काम सुरू केल्यापासून घोडेस्वारांकडून तर ते इतक्यांदा ऐकलं की आता सविस्तर लिहायलाच हवं. त्यांचं म्हणणं साधारण असं असतं: घोडा तरुण आहे, गुणी आहे, पण अवघड आहे. दुसऱ्या कुणाकडे असता तर कुठल्या कुठे पोचला असता. माझ्यामुळे त्याचं मातेरं होणार.

त्यातल्याच एका मुलीची ही हकिगत, तिच्या परवानगीने. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावं देत नाही. ‘ती’ म्हणजे स्वार आणि ‘तो’ म्हणजे घोडा, एवढ्यावर भागेल.

ती इव्हेंटिंग करते. हा खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. एकच घोडा आणि एकच स्वार तीन परीक्षा देतात. ड्रेसाजमध्ये रिंगणात ठरलेल्या हालचाली मापात करून दाखवायच्या. क्रॉस कंट्रीत मोकळ्या रानातून वेगाने जात ओंडके, चर, उतार, पाणी असे अडथळे पार करायचे. शो जंपिंगमध्ये जरा धक्का लागला तरी पडणाऱ्या दांड्यांवरून उड्या मारायच्या. दंडगुण जितके कमी तितका क्रमांक वर. दांडी पडली की 4. क्रॉस कंट्रीत घोडा अडला की 20, त्याच अडथळ्यावर पुन्हा अडला की आणखी 40, आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तिसऱ्यांदा अडला की बाद. एका क्षणाचा नकार महिनोन्‌महिन्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवतो. इथे तर शब्दशः, कारण तो अडायचा पाण्यापाशीच.

सहा वर्षांचा घोडा. ड्रेसाजच्या रिंगणाकडेच्या फुलांच्या कुंडीलाही बुजायचा, पण उडीची ताकद अशी की बघणारे थांबून बघायचे. “सरावात तो पाण्यात मजेत उतरतो,” ती म्हणाली. “पाय आपटून मला भिजवतो. स्पर्धेत मात्र काठाशी जाऊन खांबासारखा उभा. मॅडम, तो माझ्यामुळे भित्रा होतोय.”

मी पहिला प्रश्न विचारला तो मनाचा नव्हताच. घोडा डॉक्टरांना दाखवला का? स्पर्धेतल्या घोड्यांमध्ये जठरातले व्रण सर्रास आढळतात. पाठ दुखत असते. वाढत्या वयात अंगाचा आकार बदलतो आणि कालचं खोगीर आज टोचू लागतं. दुधाचे दात जाऊन कायमचे येण्याचं काम घोड्यात साधारण पाच वर्षांपर्यंत चालतं, त्यामुळे तोंडातला लगामही त्रास देऊ शकतो. घोड्याला दुखत असेल तर स्वाराच्या विचारांवर काम करणं म्हणजे त्या मुक्या जिवावर अन्याय. तिने सगळं तपासून घेतलं होतं, खोगीरही बदललं होतं. मग आम्ही पुढे गेलो.

सुरुवातीच्या भेटींमध्ये ती पुराव्यांची थैली घेऊन यायची. अमुक स्पर्धेत हात जड पडला, तमुक ठिकाणी टाच उशिरा लागली, कोच असं म्हणाले, शेजारच्या तबेल्यातली माणसं तसं हसली. सगळ्या पुराव्यांचा निकाल एकच: मी नालायक. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची माणूस आहे. घटना आणि तिच्यावर आपण लावलेला निकाल यांच्यामध्ये एक न तपासलेली मागणी दडलेली असते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950च्या दशकात मांडलं आणि माझ्या खोलीत ते रोज खरं ठरतं. तिची मागणी काय होती? मी विचारलं, “तुझ्या जागी कोण असता तर हा बिघडला नसता?”

“मायकेल युंग,” ती पटकन म्हणाली. जर्मनीचा. लंडन आणि रिओ, दोन ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण.

“त्याच्या हातून काही बिघडत नाही?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनेच टोकियोची गोष्ट सांगितली. 2021 मध्ये झालेल्या त्या ऑलिंपिकमध्ये चिपमंक नावाच्या घोड्यावर युंग ड्रेसाजनंतर पहिला होता. क्रॉस कंट्रीत काही अडथळ्यांना जोराचा धक्का बसला की सुटणारी सुरक्षा-यंत्रणा असते, घोडा उलटून स्वारावर पडू नये म्हणून. युंगच्या फेरीत ही यंत्रणा एका अडथळ्यावर सुटली आणि 11 दंडगुण लागले. शेवटी युंग आठवा आला. 2024 मध्ये पॅरिसला त्याच घोड्यावर त्याने सुवर्ण जिंकलं.

“मग टोकियोनंतर युंगने घोडा बिघडवला, असं म्हणायचं का?”

“असं कसं म्हणता येईल? एक अडथळा लागला, एवढंच.”

“तुझ्या बाबतीत ‘एवढंच’ का नाही?”

तिने उत्तर दिलं नाही. अशा वेळी मी घाई करत नाही. पटलेलं आणि उतरलेलं यात बरंच अंतर असतं, आणि ते अंतर समुपदेशकाने उचलून पार करून देता येत नाही.

खरं वळण आलं ते नंतरच्या एका भेटीत. आदल्या रविवारी तो पुन्हा पाण्यापाशी अडला होता. मी तिला म्हटलं, “आज निकाल नको. सुरुवातीच्या चौकटीपासून सगळा मार्ग सांग. प्रत्येक अडथळा, त्या त्या वेळी तू काय बघत होतीस तेही.”

ती सांगू लागली. पहिला ओंडका. दुसरा... दुसरा कुठला होता? तिसरं बहुतेक कुंपण. चौथा, पाचवा तिला आठवेनात. नववं पाणी मात्र तिने असं सांगितलं की मला काठावरचं गवतही दिसलं.

“पाण्याचा विचार कधी सुरू झाला?”

“आदल्या दिवशी. मार्ग पायी फिरून बघितला तेव्हाच.”

“आणि चौकटीत उभी होतीस तेव्हा?”

“पाणीच डोळ्यांसमोर.”

“मग पहिल्या आठ अडथळ्यांवर त्याच्या पाठीवर कोण होतं?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. हा प्रश्न मला नेमक्या वेळी सुचला याचं आजही बरं वाटतं, का लपवू?

आणखी एक प्रश्न मी विचारला तो निव्वळ माझ्या अज्ञानातून. “मार्ग पायी फिरताना घोडा बरोबर असतो का?”

“छे. घोडा तो मार्ग आधी बघतच नाही. स्पर्धेत थेट पहिल्यांदा.”

हे बोलून ती स्वतःच थबकली. नववा अडथळा पाण्याचा आहे हे पहिल्या ओंडक्यापाशी त्या दोघांपैकी एकालाच ठाऊक होतं. त्याला पुढचं पाणी माहीत नव्हतं. त्याला कळत होतं ते इतकंच, की पाठीवरच्या माणसाचा श्वास वर अडकलाय, मांड्या आवळल्यात, हात ताठ झालेत, म्हणजे पुढे काहीतरी भयंकर आहे. आठ अडथळे तो त्या भयंकराची वाट बघत धावत होता. पाण्यापाशी पोचल्यावर त्याला वाटत असणार, हेच ते!

स्वीडनमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी तिला सांगितला. माणसांनी घोड्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं, कधी हाताने धरून, कधी वर बसून. काही फेऱ्यांनंतर त्यांना सांगितलं की आता मध्ये एक छत्री उघडली जाईल, घोडा बिचकू शकतो. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही.

इथे एक धोका होता आणि तो मला दिसत होता. हे ऐकून ती म्हणू शकली असती, ‘बघा, म्हणजे दोष माझाच.’ म्हणालीच! म्हणून त्या दिवशी आम्ही बराच वेळ एकाच गोष्टीवर बोललो: कारणात आपला वाटा असणं वेगळं आणि आपण वाईट असणं वेगळं. तिचा श्वास हा तिच्या हातातला भाग. पाण्याचं घोड्याला जड जाणं हा त्याच्या डोळ्यांचाही भाग. घोड्याचे डोळे बाजूला असतात. जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळासमोरचा लहानसा भाग दिसत नाही. उजेडातून सावलीत गेल्यावर त्याच्या नजरेला सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. झाडाखालचं चकाकणारं पाणी गुडघाभर आहे की अथांग, हे त्याला काठावरून कळत नाही. तरीही तो उतरतो तेव्हा केवळ पाठीवरच्या माणसाच्या भरवशावर उतरतो. अडतो तेव्हा तो कुणावर निकाल देत नसतो.

अशा स्वारांना मी जे सांगते ते आता सरळच लिहिते. मार्ग फिरताना प्रत्येक अडथळ्यापाशी तेवढाच वेळ उभे राहा. अवघड वाटतो तिथे चौपट वेळ घालवू नका. स्पर्धेत एक अडथळा झाला की पुढच्याचं नाव मोठ्याने उच्चारा. मोठ्याने बोलताना श्वास बाहेर पडतोच, तो कोंडून ठेवता येत नाही. पाण्यापाशी नजर पाण्यात नको, पलीकडच्या काठावर हवी. अडला तर काय करायचं ते आदल्या दिवशीच ठरवून ठेवा: वळवायचं किती लांबून, पुन्हा किती वेगाने आणायचं. बरेच जण ‘अडता कामा नये’ एवढंच ठरवून जातात, आणि अडल्यावर त्यांच्याकडे रागाखेरीज काहीच उरत नाही. तो दिवस त्याचा नाहीच असं वाटलं तर हात वर करून माघार घ्या. नियमांनी दिलेली सोय आहे ती, लाज कसली? पुढची स्पर्धा एक पायरी खालची निवडली म्हणून कुणी लहान होत नाही.

घरच्यांना आणि कोचना एक विनंती. ‘तुझ्याच हाताखाली कसा अडतो?’ हा प्रश्न विचारू नका. तो प्रश्न स्वार स्वतःला रात्रंदिवस विचारतच असतो.

मात्र घोडा मागच्या पायांवर उभा राहत असेल, स्वाराला घेऊन उधळत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथे धीराचा उपयोग नाही, अनुभवी माणूसच हवा, आणि तोवर त्याच्यावर बसायचं नाही.

तिच्या बाबतीत तशी वेळ नव्हती. पण काही फेऱ्या दुसऱ्या कुणीतरी कराव्यात असं मी सुचवलं तेव्हा ती उखडली. तिच्या लेखी ती हार होती. “कोच बसले आणि तो सुतासारखा सरळ चालला तर?” मी म्हटलं, “तर घोड्याला पाण्यात उतरता येतं एवढं कळेल. तुझ्याबद्दल त्यातून काय कळतं ते तू सांग.” आठवडाभर तिने यावर विचार केला आणि तयार झाली.

पुढच्या स्पर्धेत पाण्यापाशी तो घुटमळला, पाऊल मागेपुढे केलं आणि उतरला. त्याच्या पुढच्या स्पर्धेत अडला, 20 दंडगुण. दुसऱ्या खेपेला गेला. पहिले आठ अडथळे तिला आता सगळे आठवत होते. पण तिने फोन केला तो यातल्या कशासाठीच नाही. त्याआधीच्या सरावात, अनोळखी मैदानावर, कोच त्याच्यावर बसले होते, आणि कोचच्या हाताखालीही तो पहिल्या वेळी पाण्याच्या काठावर अडलाच. “मॅडम, आमच्या कोचच्या हाताखाली!” ती म्हणाली. एवढा आनंद होणं बरं नव्हे हे तिला कळत होतं, पण तो लपवण्याच्या भानगडीत ती पडली नाही.