पंचेचाळिशीत थांबायचं म्हणतोस, तर

नोकरी सोडायचा तुझा विचार ऐकून मी दचकलो नाही. आमच्या वडिलांच्या वेळी 58 म्हणजे 58. शाल, श्रीफळ, दुसऱ्या दिवसापासून घरी. तो साचा मोडला, बरंच झालं.

पण आकडे नीट बघ. पीएफसोबतच्या ईपीएस (कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शनला किमान 10 वर्षं नोकरी लागते आणि ते पूर्ण मिळतं 58 ला. पन्नाशीनंतर लवकर घेता येतं, पण 58 ला जितकी वर्षं कमी, तितक्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कपात, तीही कायमची. उलट 60 पर्यंत थांबलास तर वर्षाला 4 टक्के वाढ. म्हणजे 45 ते 50 तिथून दमडीही नाही.

आरोग्यविमा फक्त कंपनीचा असेल तर स्वतःचा आत्ताच काढ, साखर-बीपी मागे लागण्याआधी. मी उशीर केला, म्हणून कळकळीनं सांगतोय.

मी 54 ला नोकरी सोडली. पैसे पुरले, पण सकाळचे नऊ ते अकरा खायला उठायचे. वर्षभर तरी. तेव्हा आधी दोन महिने बिनपगारी रजा मिळते का बघ, आणि घरीच राहून बघ, फिरायला जाऊ नकोस.

आणि बायकोशी बोललास का रे? तिच्या मनात कोणतं वर्ष आहे, ते आजच विचार.