प्रवेश रद्द केल्याची तारीख कोणती धरायची?

प्रश्न: मी 2024-25 मध्ये एका खासगी विद्यापीठात बी.एस्सी. डेटा सायन्सला प्रवेश घेतला. पण हा विषय माझा नाही, हे महिनाभरातच कळून चुकले. विभागप्रमुखांनी ‘दिवाळीपर्यंत थांबून बघा’ असे सांगितले. डिसेंबरात प्रवेश रद्द करण्याचा अर्ज दिला, तर विद्यापीठ फी परत करायला तयार नाही. उलट हमीपत्रावर बोट ठेवून, उरलेल्या वर्षांची फी भरल्याशिवाय मूळ कागदपत्रे मिळणार नाहीत, असे म्हणते. सोडावे की वर्ष पूर्ण करावे?

उत्तर: अभ्यासक्रम का नकोसा झाला, यावर तुम्ही चार पाने लिहिली आहेत, पण कायद्याच्या दृष्टीने कामाचे वाक्य एकच आहे आणि ते तुम्ही शेवटी कंसात, ओझरते लिहिले आहे: 19 ऑक्टोबरला तुम्ही प्रवेश विभागाला एक ई-मेल पाठवला होता. त्याची प्रत मात्र जोडलेली नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या वर्षीच्या धोरणानुसार 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण फी, आणि 31 ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास फार तर 1,000 रुपये कापून उरलेली फी परत करायची होती. एरवी आयोगाच्याच ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेतील टक्केवारी पाहिली जाते, आणि तिच्यानुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेला तीस दिवस उलटून गेले की अनामत रकमेखेरीज काहीही हाती लागत नाही. म्हणजे 19 ऑक्टोबर ही तारीख टिकली तर जवळजवळ सगळी फी, आणि डिसेंबर धरला तर बहुधा शून्य. ई-मेलमध्ये ‘मी प्रवेश रद्द करीत आहे’ असे लिहिले असेल, तर तीच सूचना मानावी असा आग्रह धरता येईल. ‘रद्द करण्याची प्रक्रिया काय’ एवढेच विचारले असेल, तर विद्यापीठ तिला निव्वळ चौकशी म्हणेल, आणि ते अगदीच चूक ठरेल असे नाही. त्यानंतर तुम्ही सत्र परीक्षा दिली असेल, तर तुमची बाजू आणखी लंगडी पडते. विभागप्रमुखांच्या तोंडी सल्ल्यावर भिस्त ठेवू नका. फी भरताना पावतीसाठी अडून बसणारी माणसे ती परत मागताना तोंडी बोलण्यावर का विसंबतात, हे मला इतक्या वर्षांत उमगलेले नाही.

कागदपत्रे अडवून ठेवण्यास मात्र त्याच अधिसूचनेची स्पष्ट मनाई आहे. करार कायद्याच्या कलम 171 ने सर्वसाधारण धारणाधिकार, म्हणजे येणे वसूल होईपर्यंत दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क, बँका, विमा-दलाल अशा मोजक्यांनाच दिला आहे. शिक्षणसंस्था त्यांत नाहीत. फी थकली म्हणून अशिलाची फाइल रोखून धरण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आम्हा वकिलांनाही नाकारली.

हमीपत्राबाबत इतके ठामपणे सांगता येणार नाही. मधूनच जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून उरलेल्या फीचे बंधपत्र घेता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने 2003 च्या इस्लामिक अकॅडमी प्रकरणात म्हटले होते; तरी करार कायद्याच्या कलम 74 नुसार मिळते ती वाजवी भरपाईच, आणि तुमची जागा दुसऱ्याने भरली असेल तर ती कितपत वाजवी, हा प्रश्न उरतोच.

कुलसचिवांना आजच लेखी पत्र द्या, ई-मेलची तारखेसह छापील प्रत जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पंधरा दिवसांत उत्तर नाही आले तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. तिचा निर्णय विरुद्ध गेल्यास आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार पंधरा दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते. ती मुदत तरी चुकवू नका. ग्राहक आयोगाची वाट मी सुचवणार नाही: शिक्षण ही ‘सेवा’ आहे का, याचाच तेथे खल होईल आणि तुमची पदवी संपेल तरी तारखा संपणार नाहीत.

ई-मेल कुचकामी निघाला आणि परीक्षा दिलेली असेल, तर वर्ष पूर्ण करणे शहाणपणाचे; नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाखालील अभ्यासक्रमांत पुरेसे श्रेयांक (क्रेडिट) मिळवून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्रासह बाहेर पडण्याची सोय असते, ती तुमच्या विद्यापीठात आहे का ते पाहा. ई-मेल स्पष्ट असेल, तर मात्र एकाही तासाला बसू नका. कागदपत्रे देताना ‘माझी काहीही तक्रार नाही’ असा छापील कागद बहुधा पुढे करतील. फी खात्यात जमा होईपर्यंत त्यावर सही करू नका.